पाण्याला गुण द्या, पण सरासरी काढू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या इंदिरानगरची तीन कुटुंबं, हवा भरायच्या दोन कयाक (छोट्या नावा), एक पॅडलबोर्ड (उभ्याने वल्हवायची फळी) आणि दिवाळीनंतर दर रविवारी गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्यावर, जायचा बेत. हवामानाच्या ॲपवर तापमानाचा एक आकडा दिसतो, तसा पाण्याला दहापैकी एक गुण देऊन जायचं की नाही हे ठरवता येईल का? तोच गुण सोमेश्वर-आनंदवल्लीकडच्या नदीला लावता येईल का? चौदा वर्षांचा मुलगा तरण तलावात न थांबता फेऱ्या मारतो, तो नदीत चालेल का? आणि पॅडलबोर्डची दोरी पायाला बांधावी की नाही?

मी इथे बरीच वर्षं मुलांना वल्हवायला शिकवतो. सकाळी काठावर उभं राहून आज कुणाला पाण्यावर सोडायचं आणि कुणाला काठावरच ठेवायचं, हे ठरवणं हे माझं दिवसातलं पहिलं काम. गुण देण्याची सवय फार चांगली आहे, ती लावून घ्याच. पण गुण वेगवेगळे द्या आणि त्यांची सरासरी कधीही काढू नका. समजा वारा अजिबात नाही म्हणून दहा, पाणी नितळ म्हणून नऊ, ऊन कोवळं म्हणून नऊ, उतरायला काठ बरा म्हणून आठ, आणि वरच्या धरणातून दोन तासांनी पाणी सुटणार आहे म्हणून एक. बेरीज सदतीस, सरासरी सात पूर्णांक चार. कागदावर हा झकास रविवार दिसतो. प्रत्यक्षात त्या दिवशी नदीत पाय घालायचा नाही, कारण बुडणारा माणूस सरासरीत बुडत नाही, त्या एका गुणाच्या बाबीत बुडतो. म्हणून सगळ्यात कमी गुण ज्या बाबीला, तोच त्या दिवसाचा गुण. एवढा एक नियम पाळलात तरी निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे गुण पाण्याला एकट्याला मिळत नाही. पाणी, त्यावरची नाव, नावेतलं माणूस आणि ती वेळ, या चौघांना मिळून तो मिळतो. त्याच फुगवट्यावर त्याच सकाळी रुंद बुडाच्या कयाकमधल्या प्रौढ माणसाला आठ गुण असतील, तर एकट्याने वल्हवायच्या अरुंद रोइंग बोटीतल्या पोराला चार. आणि हा गुण फार तर पुढच्या दोन तासांचा. सकाळी आठ वाजता दिलेला गुण अकरा वाजता शिळा झालेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाच्या बाबीकडे येतो, आणि तिथे जरा रेंगाळतो, कारण नाशिकच्या पाण्याचा खरा स्वभाव तिथे आहे. आपल्या जिल्ह्यातलं जवळजवळ कुठलंच पाणी मोकळं नाही. गोदावरीवर गंगापूर, त्याच्या वरच्या अंगाला कश्यपी आणि गौतमी-गोदावरी. दारणेवर दारणा, तिच्या खोऱ्यात भावली आणि मुकणे. तिकडे वालदेवी, आळंदी, पालखेड, करंजवण. पाऊस पडून पाणी वाढतं हे सगळ्यांना कळतं. पण इथे पाणी माणसाच्या निर्णयानेही वाढतं, आणि तो निर्णय आकाशाकडे बघून ओळखता येत नाही.

पावसाळ्यात निदान सगळं शहर जागं असतं. गंगापूरमधून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे याचे निरोप घरोघरी फिरतात. तो आकडा नुसता वाचून सोडू नका, त्याचं वजन करून बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे १,००० क्युसेक हा आपल्याकडे किरकोळ वाटणारा विसर्ग सेकंदाला २८ टनांहून जास्त पाणी पुढे ढकलतो. शिवाय धरणाखाली पडणारा पाऊस, ओढे, नाले यांचं पाणी त्यात वाटेत मिसळतं, त्यामुळे शहरातल्या होळकर पुलाखालचा आकडा धरणाच्या आकड्यापेक्षा मोठा असू शकतो. बातमीत दोन्ही आकडे असतात. नदीचा विचार करताना पुलाचा बघा. १९६९, २००८, २०१६, २०१९ या सालांचे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना हे सांगावं लागत नाही.

पंचवटीतला दुतोंड्या मारुती ही आपली जुनी पूरपट्टी. पाणी पायाला, कमरेला, छातीला, गळ्याला. मला ही मोजणी मनापासून आवडते. सगळ्यांना दिसते, सगळ्यांना समजते, आणि तिच्यात सरासरी नाही. पण ती पूर आल्यावर सांगते आणि शहरातलं सांगते. पाण्यावर खेळायला जाणाऱ्यासाठी मारुतीचे पाय ओले होण्याच्या कितीतरी आधी दिवस संपलेला असतो.

धोका जास्त आहे तो पावसाळा संपल्यावर, म्हणजे नेमका तुम्ही जायचं म्हणता तेव्हा. निरभ्र आकाश, कोरडे खडक, नदीत गुडघाभर पाणी, आणि त्याच दिवशी आवर्तन सुटतं, म्हणजे धरणातून ठरवून पाणी सोडलं जातं. शेतीसाठी, खालच्या गावांच्या पिण्यासाठी, कधी समन्यायी वाटपात, म्हणजे वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी न्यायाने वाटताना, खालच्या जायकवाडी धरणासाठी. नदीपात्रातून सोडलेलं पाणी चढताना गाजावाजा करत नाही. आधी काठावरच्या काटक्या, पानं, प्लास्टिक तरंगायला लागतं. मग नितळ पाण्यात गढूळ रेघा दिसतात. मग ज्या खडकावर चपला काढून ठेवल्या होत्या, त्याचा ओला पट्टा वर सरकतो. हे तिन्ही दिसेपर्यंत नदीच्या मधल्या खडकावर बसलेल्या माणसाची परतीची वाट बंद होऊ शकते. म्हणून नदीत उतरायच्या आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी, दोन्ही वेळा, विसर्ग किंवा आवर्तन आहे का याची चौकशी करायची. जलसंपदा विभागाची सूचना, स्थानिक वर्तमानपत्र, आणि सगळ्यात खात्रीचा म्हणजे नदीकाठचा शेतकरी, ज्याची मोटार ते पाणी उपसते. त्याला पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याइतकंच पक्कं माहीत असतं. उत्तर मिळालं नाही तर त्या बाबीला शून्य. माहिती नाही म्हणून मधला गुण द्यायचा नाही.

कोलाडला कुंडलिका नदीवर वरच्या धरणातून सुटणाऱ्या पाण्यावरच सकाळचं राफ्टिंग चालतं. तिथे पाणी केव्हा सुटणार हे चालवणाऱ्यांना ठाऊक असतं आणि सगळी तयारी त्या वेळेभोवती बांधलेली असते. ते बघून आलेले बरेच जण इथे गोदेत सोडलेलं पाणी बघून ‘मस्त धार आहे’ म्हणत नाव टाकायला निघतात. इथे ना ते नियोजन आहे, ना खाली उभं राहिलेलं बचावपथक.

प्रवाहाचा वेग डोळ्यांनी अंदाजू नका, मोजा. सोपं आहे. काठाने वीस पावलं मोजून दोन खुणा करायच्या. प्रौढ माणसाच्या मोठ्या पावलांनी ते साधारण पंधरा मीटर भरतं. वरच्या खुणेपाशी नारळाची करवंटी किंवा अर्धी भरलेली पाण्याची बाटली मधल्या धारेत टाकायची आणि घड्याळ लावायचं. पंधरा सेकंदांत खालच्या खुणेला पोहोचली तर वेग सेकंदाला एक मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. आपल्यासारखा सर्वसाधारण पोहणारा ताशी दोन-अडीच किलोमीटरच्या पुढे फार वेळ टिकत नाही. म्हणजे त्या धारेत पडलेला माणूस उलटा पोहून कधीच परत येणार नाही; त्याने तिरकं, धारेबरोबर खाली वाहत काठ गाठायचा. करवंटीला तीस सेकंद लागले तर नवख्यांनी कयाक टाकायला हरकत नाही. वीसच्या आत आली तर नवखे बाहेर. आणि हेही लक्षात असू द्या की वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाण्यात उभा असलेला धडधाकट माणूस कसा काय वाहून गेला, याचं उत्तर इथे आहे.

वाहून जायला लागलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. आपलं नदीपात्र काळ्या बसाल्टचं आहे, त्यात कपारी आणि रांजणखळगे आहेत. पाऊल कपारीत अडकलं आणि मागून पाण्याने पाठीला ढकललं की गुडघ्याएवढ्या पाण्यातही माणूस तोंडावर पडून पाण्याखाली दाबला जातो. पाठीवर तरंगायचं, पाय धारेच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर, आणि हातांनी काठाकडे सरकत राहायचं. हे मुलांना आधी संथ पाण्यात लाइफ जॅकेट घालून करून दाखवा.

बंधारे आणि सांडवे यांच्याबद्दल एकच सांगतो, पण ते अक्षरशः घ्या: त्यांवरून पाणी वाहत असताना वरून नाव न्यायची नाही आणि खालून जवळ जायचं नाही. भिंतीवरून पडणारं पाणी पायथ्याशी खाली जातं आणि वरच्या थरात उलटं भिंतीकडे येतं. त्यात सापडलेलं लाकूड तासन्‌तास तिथेच गोल फिरताना तुम्ही पाहिलं असेल. माणसाचंही तेच होतं, चांगल्या पोहणाऱ्याचंसुद्धा. काठावरून बघताना ती भिंत फूट-दोन फूट उंचीची, निरुपद्रवी दिसते. धबधब्याला माणूस घाबरतो, बंधाऱ्याला घाबरत नाही, म्हणून बंधारा जास्त वाईट.

आता गंगापूरच्या फुगवट्याकडे. तिथे धार जवळजवळ नाही, त्यामुळे दिवसाचा गुण बहुतेक वेळा वारा ठरवतो. जलाशय धरणाच्या भिंतीपासून पश्चिमेकडे, त्र्यंबकच्या डोंगरांच्या दिशेला पसरलेला आहे. पश्चिमेचा वारा सुटला की तो पाण्याच्या लांबीवरून धावत येतो आणि लाटा पूर्वेकडे, भिंतीच्या बाजूला, मोठ्या होत जातात. तुम्ही पश्चिम टोकाला उभे असाल तर समोर पाणी गुळगुळीत दिसेल. नावा टाकाल, हसतखेळत पूर्वेला जाल, आणि परत फिरताना कळेल की हवा भरलेली कयाक वाऱ्यावर फुग्यासारखी उडते, वल्हं मारूनही जागची हलत नाही. यावर जुना उपाय आहे: निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं. दम आहे तोवर कष्ट, आणि थकल्यावर वारा घरी आणतो.

वाऱ्याचा वेग ॲपवर बघा, पण काठावर झाडाकडेही बघा. पानं आणि बारीक फांद्या सतत हलताहेत, हलका झेंडा पूर्ण उलगडला आहे, तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर. तेवढ्यात पाण्यावर कुठे कुठे पांढरे तुरे दिसायला लागतात. तुमच्यासारख्यांसाठी पहिला पांढरा तुरा म्हणजे परत फिरायची वेळ. पॅडलबोर्डवाल्याने तर त्याआधीच काठ धरावा, कारण उभा माणूस स्वतःच शीड होतो. धूळ आणि कागद उडायला लागले, मोठे तुरे दिसायला लागले, की ताशी २० ते २८. तेव्हा कुणीच नाही. हिवाळ्यात सकाळी सहसा वारा पडलेला असतो आणि ऊन चढलं की तो उठतो. म्हणून उजाडताना जा आणि दहाच्या सुमारास नावा गाडीवर चढवा. धुकं असेल तर मात्र दुसरा काठ स्पष्ट दिसेपर्यंत थांबा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात तळाशी जातो तेव्हा आपल्याकडेही भिजलेल्या अंगाला वारा लागून मुलं झपाट्याने गारठतात. ओठ थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं की त्या मुलाचा रविवार संपला, मग ते कितीही ‘अजून एक चक्कर’ म्हणो.

वाऱ्यामुळे परत यायला लागलं तर मुलं हिरमुसतात, मोठ्यांना पेट्रोल वाया गेल्यासारखं वाटतं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला उतरला, तेव्हापासून बरेच पालक मुलांना माझ्यासारख्यांकडे घेऊन येतात. त्यांना मी त्याच स्पर्धेतली एक गोष्ट सांगतो. पहिल्या दिवशी वाऱ्याने खवळलेल्या पाण्यावर सर्बियाची जोडी उलटली, आणि दुसऱ्या दिवशी वारा इतका होता की आयोजकांनी सगळ्या शर्यती पुढे ढकलल्या. जगातले सगळ्यात तयारीचे वल्हवणारे काठावर थांबले. आपल्या मुलांना एका रविवारी थांबवायला कसला कमीपणा?

विजेबद्दल वाद नको. गडगडाट कानावर आला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत नाही. वळवाच्या पावसात, एप्रिल-मेच्या दुपारी, ढग पश्चिमेला किंवा दक्षिणेला काळा झाला की पावसाच्या आधी वाऱ्याचा झोत येतो, तो काही मिनिटांत शांत जलाशय उधळून टाकतो. त्या महिन्यांत दुपारनंतरचा गुण मी आधीच शून्य धरतो.

आता पाणी स्वच्छ आहे का, ही बाब. इथे डोळ्यांवर फार विसंबू नका. आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्या देशात ठरलेले निकष आहेत: १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंचा अंदाजे आकडा ५०० पर्यंत असावा, २,५०० च्या वर जाऊ नये, लिटरमागे विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅम किंवा कमी, सामू (पीएच) ६.५ ते ८.५. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ गोदावरीच्या ठरावीक ठिकाणांचे नमुने तपासतं, ते अहवाल जरूर वाचा. पण जिवाणू वाढवून मोजायला प्रयोगशाळेला एक-दोन दिवस लागतात, म्हणजे हातात येणारा आकडा कालपरवाच्या पाण्याचा असतो. तो जागेचा स्वभाव सांगतो, आजची सकाळ सांगत नाही.

आजची सकाळ सांगतो पाऊस. शहरात जोरदार पाऊस झाला की पावसाळी गटारी, नाले, पंचवटीत मिळणारी वाघाडी, टाकळीकडे मिळणारी नासर्डी, सगळं रस्त्यावरचं आणि मैल्याचं पाणी गोदेत आणतात. तो पाऊस थांबून किमान दोन-तीन दिवस होईपर्यंत शहराच्या आत आणि शहराखाली तोंड पाण्यात जाईल असा कुठलाही खेळ नको. पायाला जखम असेल तर आणखीच नको, लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शिरतो. रामकुंडापासून खाली तपोवन, नाशिकरोड, एकलहऱ्याकडे मी मुलांना पोहायला कधीच उतरवत नाही, कोरड्या दिवसांतही. पात्रात साबणासारखा न विरणारा फेस दिसला, किंवा पाणवेलींचा, म्हणजे जलपर्णीचा, गालिचा दिसला, की त्या जागेला माझ्याकडून शून्य. पाणवेलींत वल्हं अडकतं हा त्रास छोटा. तिच्याखाली गेलेल्या माणसाला वर यायला भोक सापडत नाही हा मोठा.

हिरवा रंग दिसला तर एक घरगुती तपास करा. काडी पाण्यात फिरवा. लांब, केसांसारखे धागे काडीला चिकटून आले तर ते साधं शेवाळ, बहुधा निरुपद्रवी, फक्त खडक निसरडा करतं. धागे येत नाहीत, पण कुणी हिरवा रंग ओतल्यासारखा थर काडीभोवती तुटतो आणि परत जुळतो, तर ते नीलहरित शेवाळ असू शकतं. पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर स्थिर ठेवा: गाळ तळाला बसतो, हे शेवाळ वर येऊन थर धरतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात, वारा पडलेला असताना, वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूच्या कोपऱ्यात हे जमतं. त्यातल्या काही जातींचं विष यकृताला घातक असतं. तुम्ही कुत्रा बरोबर नेत असाल तर त्याला आधी आवरा, तो ते पाणी चाटतो आणि नंतर अंगही चाटतो.

गढूळपणालाही गुण द्या, पण घाण म्हणून नाही, शोधता येण्यासाठी. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून स्वतःच्या पायाची बोटं दिसतात का बघा. दिसत नसतील तर त्या पाण्यात मूल बुडालं तर तेही दिसणार नाही. अशा ठिकाणी मुलांचा गुण मी निम्मा करतो आणि प्रत्येक मुलाला एक मोठा माणूस वाटून देतो, हाताच्या अंतरावर.

काठ ही बाब लोक सोडूनच देतात, आणि आपल्याकडे ती फार जपायची आहे. धरणातलं पाणी दिवाळीपासून जूनपर्यंत खाली खाली जातं. दिवाळीत जिथे गवतावरून पाण्यात उतरलात, तिथे मार्चमध्ये काळ्या गाळाचा पट्टा असतो, वरून सुकून भेगाळलेला आणि खाली लोण्यासारखा. मोठा माणूस मांडीपर्यंत रुततो. काठी टोचत जा. दुसरं म्हणजे खड्डे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळातून शेतकरी गाळ काढून शेतात टाकतात. शेतीला हे सोनं आहे. पण पोकलेनने काढलेले ते सरळ भिंतींचे खड्डे पावसाळ्यानंतर पाण्याखाली जातात. काठावरून दहा पावलं घोट्याएवढं पाणी आणि अकरावं पाऊल डोक्यावर, असं होतं. त्या भागात मागच्या उन्हाळ्यात खोदकाम झालं का, हे गावात विचारल्याशिवाय मुलांना पाण्यात पळू देऊ नका.

तिसरं, आणि हे मी प्रत्येक नव्या माणसाला बोटाने दाखवतो: उपसा मोटारी. काठावर लोखंडी किंवा प्लास्टिकचा जाड पाइप पाण्यात गेलेला दिसेल, शेजारी पत्र्याच्या पेटीत स्टार्टर, आणि तिथून जमिनीवर पडलेली केबल. पाणी मागे हटतं तसा शेतकरी मोटार पुढे सरकवतो आणि केबलला तुकडा जोडतो. जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. तो जोड ओल्या मातीत, कधी पाण्यातच पडलेला असतो. मोटार बंद आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. शेतीची वीज ठरलेल्या वेळी येते आणि ऑटो स्टार्टर असेल तर मोटार आपोआप सुरू होते. केबल दिसली की तिथे उतरायचं नाही, दुसरा काठ शोधायचा. केबलला हात लावून बाजूला करायची नाही. शेतकऱ्याशी मात्र बोला, तोच तुम्हाला चांगला काठ दाखवेल. शिवाय त्या पाण्यावर त्याचा हक्क तुमच्याआधीचा आहे, मासेमारी करणाऱ्यांचाही. त्यांची जाळी कुठे लावलेली आहेत ते विचारून त्यापासून दूर राहा.

तुमच्या मुलाबद्दल. तो तलावात चांगला पोहतो ही जमेची बाजू आहे, आणि तिचा उपयोग एवढाच की पाण्यात पडल्यावर तो पहिलं मिनिट घाबरणार नाही. तलावात भिंत पंचवीस-पन्नास मीटरवर असते, तळ दिसतो, पाणी थांबलेलं असतं, अंगावर कपडे नसतात. त्याला आधी फुगवट्यावर, काठाजवळ, पूर्ण कपड्यांत आणि जॅकेटमध्ये मुद्दाम कयाक उलटून परत चढायला लावा. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर दोन्ही खांदे धरून वर ओढा. कानांपर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. चौदा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं जॅकेट ‘चालतंय’ म्हणून देऊ नका. स्वतःहून तीन वेळा परत चढता आलं की मग पुढचं बोलू.

सोमेश्वरच्या धबधब्याच्या परिसरात आणि त्याच्या खालच्या डोहांत, माझं उत्तर नाही असं आहे. तिथे रांजणखळगे आहेत, खडक निसरडे आहेत, डोहाची खोली दर पावसाळ्यात बदलते, आणि तिथे माणसं गेलेली आहेत. आनंदवल्लीकडचं बंधाऱ्याने अडवलेलं संथ पाणी वल्हवायला बरं असतं, पण विसर्गाची चौकशी, बंधाऱ्यापासून भरपूर अंतर आणि जवळपास सराव करणाऱ्या बोट क्लबच्या माणसांशी आधी बोलणं, या तीन अटींवर. त्यांना त्या पाण्याची रोजची माहिती असते.

तेव्हा तुमच्या रविवारची वही अशी ठेवा. आदल्या रात्री: विसर्ग-आवर्तन, गेल्या तीन दिवसांचा पाऊस, उद्याचा वारा, विजांचा इशारा. सकाळी काठावर: झाड, पाणी, काठ, केबल, माणसं. प्रत्येकाला दहापैकी गुण. सगळ्यात कमी गुण सहा किंवा वर असेल तर जा. चार-पाच असेल तर फक्त मोठे आणि तेही काठाला धरून. त्याखाली चहा पिऊन परत. गटात नवखं कुणी असेल तर एक गुण वजा, दहा वर्षांखालचं मूल असेल तर दोन. दर दोन तासांनी पुन्हा. आणि गुण देणारा माणूस एकच असू द्या, ज्याला त्या दिवशी पाण्यावर जायची सगळ्यात कमी घाई आहे. तिन्ही घरांतल्या मोठ्यांनी त्याचं ऐकायचं, मागे लागायचं नाही. हा धाक नसेल तर वही पाण्यात गेली.

गंगापूरचं पाणी शहर पितं, म्हणून साबण, तेल, उरलेलं खाणं काही पाण्यात जाता कामा नये. धरणाच्या भिंतीजवळचा भाग प्रतिबंधित आहे, तिकडे फिरकू नका, आणि कुठे नाव टाकायला परवानगी आहे ते जलसंपदा विभागाकडे आधी विचारून घ्या.

राहिली पॅडलबोर्डची दोरी. फुगवट्यावर ती पायाला बांधा, अवश्य. पडल्यावर वारा बोर्ड तुमच्यापेक्षा वेगाने नेतो, आणि बोर्ड हाच तुमचा तराफा असतो. वाहत्या पाण्यात मात्र पायाला दोरी कधीही नको. ती खडकात किंवा बुडालेल्या फांदीत अडकली की धार बोर्डला खाली ओढते आणि पायाची दोरी तुम्हाला पाण्याखाली धरून ठेवते. त्या रेट्याविरुद्ध वाकून घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. नदीवर जायचंच झालं तर कमरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी दोरी मिळते ती घ्या, आणि ती डोळे मिटून, ओल्या हाताने, डाव्या आणि उजव्या अशा कुठल्याही एका हाताने सोडायचा सराव घरी करून या.